तीनशे बारा नंबरचं हसू

ती दवाखान्यातून पळाली तेव्हा गळ्यात निळा कागदी रुमाल तसाच होता.

पळाली म्हणजे धूम ठोकली असं नाही. बत्तीस वर्षांची, पदवीधर, विमा कंपनीच्या तक्रार विभागात अकरा वर्षं काढलेली बाई धूम ठोकत नाही. डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आज काही करायचं नाही हं, नुसता रंग बघायचाय," तशी तिनं पर्स कुठे आहे ते पाहिलं. दातांचे डॉक्टर 'काही करायचं नाही' हे कशाच्या आधी म्हणतात ते तिला नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. ती उठली, 'आलेच हं' असं कुणालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, पर्स उचलली आणि ताठ मानेनं, अगदी सभ्यपणे, चुकीच्या दारातून बाहेर पडली.

जिन्याचं दार डावीकडे होतं. तिनं उजवीकडचं उघडलं.

आत जबडे होते.

जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. वरचे, खालचे, जोडीचे, एकटे. एकालाही डोळे नव्हते, तरी सगळे आपल्याकडेच बघून दात विचकताहेत असं तिला वाटलं. आणि या मंडळींच्या मधोमध, खिडकीजवळच्या टेबलाशी एक माणूस बसला होता. डाव्या तळहातावर एक जबडा, उजव्या हातात मांजराच्या मिशीइतका बारीक ब्रश. तो त्या जबड्यावर हलकेच फुंकर घालत होता...

"अगं आई गं!" तिच्या तोंडून निघालं.

त्यानं वर पाहिलं. तिचा हात सवयीनं तोंडाकडे निघाला होता, पण त्याला अर्धा सेकंद उशीर झाला.

"अरे! तीनशे बारा!" शाळेतलं कुणीतरी बऱ्याच वर्षांनी भेटावं तसा त्याचा चेहरा उजळला.

"काय?"

"तुम्ही तीनशे बारा नंबर ना?" त्यानं तळहात पुढे केला. "ह्या काय तुम्ही!"

तीच होती. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेतलं होतं, त्याचा हा साचा. उजवीकडचा पुढचा दात कोपऱ्यात तुटलेला. डावीकडचा शेजाऱ्याच्या अंगावर किंचित चढलेला, रांगेत उभ्या माणसानं पुढच्याच्या खांद्यावरून डोकवावं तसा. जे तिनं तेवीस वर्षं जगापासून झाकून ठेवलं होतं ते भर उजेडात एका परक्या पुरुषाच्या तळहातावर बसलं होतं, आणि तो त्यावरची धूळ उडवत होता.

"खाली ठेवा ते," ती हाताआडून म्हणाली.

"हो, हो." त्यानं कप बशीत ठेवावा तसा तो साचा टेबलावर ठेवला.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"छे! मी कारागीर. त्या दात कोरतात, मी दात करतो. त्या पुढच्या खोलीत, मी मागच्या. माझ्याकडे माणसं येत नाहीत, फक्त जबडे येतात."

"मग चुकलंच माझं."

"जिना त्या बाजूला आहे. पळायचं असेल तर."

"मी पळत नाहीये."

"बरं. मग तो रुमाल तेवढा ठेवून जा. आमचाय."

तिनं खाली पाहिलं. रुमाल काढायला दोन हात लागतात आणि तिचा एक हात कामात होता. हा पेच सुटायच्या आत डॉक्टरीणबाई दारात आल्या.

"इथे आहात होय! बरं झालं. कारागीर, तूच बघ रे यांचा रंग, खिडकीपाशी. माझ्या खोलीतला दिवा पिवळट झालाय." आणि जाता जाता पुन्हा म्हणाल्या, "काही करायचं नाही हं!"

---

त्या दातामागे एक गुन्हा होता आणि गुन्हेगार घरातच होती.

ती नऊ वर्षांची असताना ताईनं रागानं न्हाणीघराचं दार आपटलं आणि नेमक्या त्याच क्षणी हिनं आत डोकावून पाहिलं. दाताचा कोपरा उडाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत उरलेला दात हळूहळू काळवंडत चहाच्या कपाच्या तळासारखा झाला. डावीकडचा जन्मतःच वाकडा होता, त्याबद्दल कुणावर आरोप नव्हता. तेव्हापासून हसायची वेळ आली की तिचा हात आपोआप वर जाई. तेवीस वर्षांच्या फोटोंमध्ये ती एकतर गंभीर आहे किंवा शिंकतेय.

नोकरी मात्र तिनं अशी शोधली होती की तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता. तक्रारी फोनवर यायच्या. तिचा आवाज असा, की माणसं तक्रार विसरून हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि तक्रार विसरली जावी हीच कंपनीची इच्छा होती. सगळं सुरळीत चाललं होतं. पण येत्या एक तारखेपासून फोन बंद, पडदे सुरू. आता ग्राहकाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसणार होता.

प्रशिक्षणाला पट्ट्यापट्ट्यांचा टाय लावलेले एक गृहस्थ आले. "हसू म्हणजे वरचे सहा दात," ते म्हणाले. "पाच दिसले तर ग्राहकाला वाटतं आपण काहीतरी लपवतोय. आठ दिसले तर वाटतं आपण त्याला खाणार." मग सगळ्यांना आरसे वाटले. तिनं आरशात पाहिलं आणि शिंकली.

ज्यांचं हसू वेळेत तयार होणार नव्हतं त्यांची बदली तळघरातल्या टपाल विभागात व्हायची होती. तिथे एक टपालकाका होते. ते शेवटचं कधी बोलले यावर ऑफिसात पैजा लागत.

"व्हिनियर लावून घे," ताई म्हणाली. "माझ्या मैत्रिणीच्या जावेनं लावले. पोर्सेलीनचे पापुद्रे असतात गं, पुढून चिकटवतात. आता ती फोनवर बोलतानासुद्धा हसते."

डॉक्टरीणबाईंनी आणखी सोपं करून सांगितलं होतं. "नखाला नेलपॉलिश लावतो ना, तसंच. फक्त नेलपॉलिश काढता येतं. इथे दात पुढून अर्धा मिलीमीटर घासायचा. एकदा घासला की घासला, तो काही परत वाढत नाही. नीट विचार करा. तुमच्याबाबतीत सहा."

तिनं त्यातलं 'घासायचा' एवढंच ऐकलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडात मशीन चालू.

---

कारागिरानं तिच्या अंगावर करड्या रंगाचं कापड पसरलं. टेबलाच्या खणातून त्यानं किल्ल्यांचं जुडगं काढावं तसं काहीतरी काढलं, फक्त किल्ल्यांच्या जागी दात होते. सोळा दात, सोळा रंगांचे.

"आता मी पाच सेकंद बघणार," तो म्हणाला, "मग त्या करड्या पुठ्ठ्याकडे बघणार. मग परत पाच सेकंद."

"पाचच का?"

"त्याहून जास्त बघितलं की डोळ्याला सवय होते. मग सगळंच छान दिसायला लागतं."

"मग बिघडलं काय?"

"रंग चुकतो."

त्यानं एक दात तिच्या ओठांजवळ आणला. तिचा हात वर आला.

"हात..."

"सॉरी."

परत आला.

"तुमच्या हाताचा रंग नाही बघायचा मला." त्यानं टेबलावरचा साचा उचलून तिच्या ओंजळीत ठेवला. "हे धरा. दोन्ही हातांनी. पडलं तर परत माप द्यावं लागेल."

त्या गुलाबी लगद्याच्या नुसत्या आठवणीनं तिनं स्वतःचाच जबडा घट्ट धरला. हात अडकले. आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, तिच्या देखत, निवांतपणे तिच्या दाताकडे पाहिलं. एक... दोन... तीन... चार... पाच. मग पुठ्ठा. मग परत ती. त्याच्या पापण्यांवर प्लास्टरची बारीक पांढरी भुकटी होती. तिच्या छातीत असं धडधडत होतं की हातातले दात दातांवर वाजतील की काय असं तिला वाटलं.

"जमत नाही," तो शेवटी म्हणाला. "दात घाबरलेत."

"दात कसे घाबरतील?"

"तुम्ही घाबरलात की तोंड कोरडं पडतं. कोरडा दात खडूसारखा पांढरा दिसतो. खरा रंग आत दडून बसतो. या रंगावर मी दात केले तर उद्या तुम्ही शांत झालात की हे सहा एका घरचे आणि बाकीचे दुसऱ्या घरचे."

"मी शांत होणारे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"होतात माणसं. मी ऐकलंय तसं." त्यानं जुडगं मिटलं. "उद्या अकराला या. पाणी पीत या. आणि त्यांच्या खोलीत जाऊच नका, सरळ इकडे या. चुकीच्या दारानं."

---

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा सगळ्या फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रं टाकलेली होती.

"हे काय?"

"मंडळींना झोपवलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "काल तुम्ही त्यांच्याकडे फार बघत होतात."

अकरा वर्षांत तिनं हजारो माणसांना शांत केलं होतं, पण ती शांत व्हावी म्हणून कुणी वर्तमानपत्र अंथरल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "काहीतरी बोला. बोललं की तोंड ओलं राहतं."

"काय बोलू?"

"तक्रार सांगा एखादी. तुमच्याकडे साठा असेल."

मग तिनं त्या गृहस्थांची गोष्ट सांगितली ज्यांना शेजाऱ्याच्या कुत्र्यानं झोप खाल्ल्याबद्दल भरपाई हवी होती. कंपनीनं विचारलं, झोप विम्यात आहे का? ते म्हणाले, झोप नाही, पण मी आहे, आणि मीच तर झोपतो. प्रकरण चार महिने चाललं. शेवटी कुत्रा वारला आणि तेच गृहस्थ रडत रडत फोनवर म्हणाले, आता शांततेनं झोप येत नाही हो...

सांगता सांगता ती हसली. आजही हात साचा धरण्यात अडकलेले, त्यामुळे हसू उघड्यावरच पडलं. समोरून काही आवाज आला नाही म्हणून तिनं पाहिलं. तो बघत होता. हातातला नमुन्याचा दात तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर थबकला होता.

तिनं मनातल्या मनात मोजलं. सात... आठ... नऊ...

"पुठ्ठा," ती म्हणाली.

"हो, हो!" तो दचकला आणि पुठ्ठ्याकडे पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला. पुठ्ठ्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

"सापडला का रंग?"

"नाही." हे तो जरा घाईनंच म्हणाला. "म्हणजे... खात्री हवी. परवा या."

परवा आभाळ भरून आलं. "आज उजेड खोटा आहे," त्यानं दारातच निकाल दिला. ती परत फिरणार तेवढ्यात बाहेर सर कोसळली, आणि छत्री नसलेल्या बाईला हाकलून देणं त्याच्यानंही झालं नाही. तासभर ती त्याच्या टेबलाशी बसली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, कोपऱ्यात लहानशी भट्टी घूंऽऽ करत होती, आणि तो एका दातावर ब्रशनं रंग चढवत होता. निळा. करडा. किंचित नारिंगी.

"दात पांढरे असतात ना?" तिनं विचारलं.

"जाहिरातीत असतात."

"मग तुम्ही मला पांढरेशुभ्र नाही देणार?"

"मागितले तर देईन. पण मग लोकांना आधी दात दिसतील आणि मागून तुम्ही याल."

तिला हसू आलं. ते दाबून ती हळूच म्हणाली, "मला ना, भीती सुईची कमी आणि त्या पडद्याची जास्त वाटते. माणूस आधी डोळ्यांत बघतो. मग नजर खाली येते. दातावर येते, थांबते आणि पटकन परत वर जाते. ते पटकन वर जाणं... ते नको वाटतं मला."

ब्रश थांबला. "मला माणसांचीच भीती वाटते," तो म्हणाला. "जबड्याच्या वरचा भाग झेपत नाही. पंधरा वर्षं झाली या खोलीत. रिसेप्शनवरच्या बाईंना आत्ता आत्तापर्यंत वाटायचं, इथे नुसती भट्टी आहे."

"मग माझ्याशी कसे बोलता?"

"तुम्हाला मी खालून वर ओळखायला लागलो ना. हळूहळू सवय झाली."

पाऊस थांबला होता. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

---

चौथ्या खेपेला ती पिवळा ड्रेस घालून गेली. तो ड्रेस तिला शोभतो असं तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वर्षी सांगितलं होतं.

"अरेरे," तो म्हणाला.

"अरेरे काय?"

"पिवळ्याचं प्रतिबिंब पडतं दातावर. रंग बघता येणार नाही."

"मग काय, बदलून येऊ?"

"नको, नको..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "छान आहे की."

तिनं खुर्ची ओढली. आता एक तारीख दहा दिवसांवर आली होती. डॉक्टरीणबाई रोज फोनवर विचारत, रंग झाला का. ताई तासातासाला विचारे. आणि इथे या खोलीत ती इतकी निर्धास्त बसू लागली होती की त्याचीच तिला धास्ती वाटू लागली होती. रंग सापडला की पुढे काय? एखादं दार दातांवरच आपटतं असं थोडंच आहे...

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्या जागी असता तर घासले असते सहा दात?"

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"ते मी नाही सांगू शकत."

"का?"

"तोंड तुमचं आहे."

"ते मलाही माहितीये. तुम्ही इतक्या वेळा बघितलंत. काहीतरी वाटलं असेल ना?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "पूर्वी एकदा एका बाईंना मी म्हणालो होतो. तेव्हा मी बोलायचो. म्हटलं, चांगले आहेत तुमचे दात, कशाला घासता? त्या गेल्या घरी. दोन वर्षांनी आल्या, रडत. म्हणाल्या, तुमच्या एका वाक्यापायी मी दोन वर्षं हसले नाही. बोलायला तुमचं काय जातं, म्हणाल्या, रोज सकाळी आरशापुढे मला उभं राहायचं असतं. खरंच होतं त्यांचं. करून दिले मी दात. छान हसायच्या मग."

"म्हणून आता तुम्ही गप्प."

"म्हणून आता मी नुसता रंग बघतो."

तिला राग आला. कशाचा ते नीट कळेना, म्हणून तो जास्तच आला. "मग बघा की रंग! चार खेपा झाल्या. बाकी कारागिरांना एवढा वेळ लागत नसेल."

ती उठली आणि या वेळी बरोबर दारातून गेली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "झाला हं रंग! कारागिरानं आत्ताच नंबर दिला. गुरुवारी या. सहाही एकदम घासून टाकू."

---

बुधवारी ती जेवली नाही.

"अगं बारके, खा गं, घासभर तरी खा," ताई म्हणाली. "उद्यापासून महाराणीसारखे दात. मी तोडला, मीच बसवणार. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल एकदाचं."

"तुझ्या ओझ्यासाठी मी सहा दात घासू?"

"तसं नाही गं." ताई समोर बसली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तू हात नेतेस ना तोंडाकडे... प्रत्येक वेळी मला ते दार ऐकू येतं. तेवीस वर्षं."

तिनं ताईकडे पाहिलं. एवढी वर्षं तिला वाटायचं, हा दात फक्त आपल्यालाच दुखतो.

गुरुवारी ताई सोबत आली आणि बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन, न्यायालयात बसावं तशी बसली. आत खुर्ची मागे कलली. छताला तो पिवळट दिवा होता आणि त्या दिव्यात तिला स्वतःचंच इवलंसं, उलटं तोंड दिसत होतं. ट्रेमध्ये सुई. हातांची बोटं गार. जीभ टाळूला चिकटलेली. परत फिरण्याचं दार आता फक्त अर्धा मिलीमीटर जाडीचं उरलं होतं.

"तयार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कारागिरांना बोलवाल?" तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

"आत्ता?"

"घासायच्या आधी."

तो आला. दारातच उभा राहिला. पंधरा वर्षांत तो या खोलीत पेशंट असताना आला नसावा, कारण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"कुठला नंबर दिलात?" तिनं विचारलं.

"ए-तीन. थोडा करडा मिसळून."

"कधी कळला?"

तो डॉक्टरीणबाईंकडे बघू लागला. त्या भुवया उंचावून थांबल्या होत्या.

"कुत्र्याची गोष्ट सांगत होतात," तो म्हणाला, "तेव्हाच."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी?"

"हो."

"मग परवा या, उजेड खोटा आहे, पिवळ्याचं प्रतिबिंब पडतं... ते सगळं?"

"उजेड खरंच खोटा होता. पण रंग माझ्याकडे होता. मी... दिला नाही. दिला असता तर तुम्ही आला नसतात."

पाण्याचा नळ तेवढा ठिबकत होता. डॉक्टरीणबाई हातमोज्याकडे असं बघू लागल्या जणू त्याला पाच बोटं आहेत हे त्यांना आजच कळलं.

आणि मग ते झालं. भीतीच्या अगदी तळातून, पोटातून, हसू वर आलं. हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट आवळलेले होते, ते सुटायच्या आधीच येऊन गेलं. तो बघत होता. त्याची नजर दातांवर आली, थांबली. आणि पटकन वर पळाली नाही. सावकाश, घरी जावं तशी वर गेली आणि तिच्या डोळ्यांपाशी पोचली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "एकच करा."

"एकच काय?"

"दात. हा उजवीकडचा, तुटका. हा मला खरंच नको आहे. कधीच नको होता. बाकीचे राहू देत."

"आणि तो वाकडा?"

"तो माझा आहे. जन्मापासून."

"पण तुमच्या ऑफिसचे ते सहा?"

"पाच माझे, एक यांचा. मोजून घेऊ देत. नाहीच पटलं तर टपालकाकांना कुणीतरी बोलायला हवंच आहे."

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. "अहो, तुम्हाला वाटतंय तुम्ही सोपं केलंत. सहा दात करणं सोपं असतं, ते आपापसांत जुळतात. एकटा पुढचा दात म्हणजे सगळ्यात अवघड काम! शेजारच्याशी तंतोतंत जुळायला लागतो. रंग, चमक, सगळं. भले भले कारागीर हात टेकतात. पाच-पाच, सहा-सहा वेळा करून बघावा लागतो." त्या दाराकडे वळल्या. "काय रे? जमेल?"

तो पांढरा पडला होता. घाबरलेल्या दातासारखा.

"भीती वाटते," तो म्हणाला.

"कशाची?" तिनं विचारलं.

"नाही जमला तर तुम्ही चिडाल. आणि जमला तर... याल कशाला?"

"मग एवढ्यात जमवू नका."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात हे असलं काही चालणार नाही." मग त्यांनी सुई उचलली. "कारागीर, उभा राहायचं असेल तर त्या बाजूला राहा. उजेड अडवू नकोस."

तो त्या बाजूला गेला. सुई जवळ आली. तिनं डोळे मिटले आणि हात पुढे केला, कुणाकडे ते न बघता. तो पकडला गेला. पकडणाऱ्या हाताला भुकटी होती आणि तोही तिच्या हाताइतकाच गार होता. मशीन सुरू झालं. ती घाबरली, अगदी नवव्या वर्षी घाबरली होती तेवढीच. फक्त या वेळी घाबरायला दोघं होते.

---

अर्ध्या तासानं ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. दातावर तात्पुरतं झाकण होतं. वरचा ओठ सुन्न झाला होता. नाकाखाली कुणीतरी परकं माणूस राहायला आल्यासारखं वाटत होतं.

"एकच?" ताई किंचाळली. "अगं, सहाचं ठरलं होतं ना! बाकीचे पाच?"

"तू एकच तोडलास, ताई," ती जड जिभेनं म्हणाली. "तो झाला. सुटलीस तू."

ताईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग पर्समधून रुमाल काढून, डोळ्यांत काहीतरी गेलंय असं भिंतीला सांगत ती खाली रिक्षा बघायला गेली.

कारागीर मागच्या खोलीच्या दारात उभा होता. मग बाकाशी आला. मग, बराच विचार करून, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"दुखतंय?"

"काहीच कळत नाहीये. ओठच नाहीये मला." तिनं गालावर बोट टोचून पाहिलं. मग त्याच्याकडे वळून, जरा घाबरत, तिनं विचारलं, "सांगा ना... मी आत्ता हसतेय का?"

त्यानं नीट पाहिलं. कुठलाही नंबर शोधत नसलेल्या माणसानं पाहावं तसं.

"हो," तो म्हणाला. "केव्हापासून."